पित्त म्हणजे कोणतं पित्त? पित्ताशयातले खडे आणि सिडकोतल्या एका स्वयंपाकघराचे आठ आठवडे

(ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

पार्श्वभूमी

नाशिकच्या सिडको भागात राहणाऱ्या त्रेचाळीस वर्षांच्या एक गृहिणी. पती अंबडच्या कारखान्यात पाळीने कामाला, घरात सासूबाई आणि दोन मुलं. त्या घरूनच रोज चौदा डबे करून देतात, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. वजन ७१ किलो. सोमवार, संकष्टी आणि दोन्ही एकादश्या त्या वर्षानुवर्षं न चुकता करत आल्या आहेत.

पहिली कळ आषाढी एकादशीच्या रात्री आली. दिवसभर चहा आणि दोन केळी, रात्री साबुदाणा वडे. अकराच्या सुमारास छातीच्या खाली उजवीकडे दाबून धरल्यासारखं दुखायला लागलं, ते पाठीत उजव्या खांद्याखाली गेलं. दीड तासाने आपोआप थांबलं. दुसरी कळ श्रावणी सोमवारी उपवास सोडल्यावर आली. तिसरी गौरीजेवणाच्या रात्री, पुरणपोळी, तूप आणि कटाची आमटी झाल्यावर. त्या वेळी दोन उलट्याही झाल्या.

घरात तिन्ही वेळा निदान एकच झालं, "पित्त झालंय." उपायही ठरलेला होता. सासूबाईंच्या मते पित्तावर तूप, म्हणून रात्री झोपताना पेलाभर गरम दुधात मोठा चमचा तूप. दही, ताक, लिंबू, टोमॅटो ही आंबट मंडळी बंद.

घोळ शब्दात होता

मराठीत आपण आम्लपित्तालाही पित्त म्हणतो आणि यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसालाही. एक जठरातलं आम्ल आहे, दुसरं चरबी पचवणारा हिरवट-पिवळा रस. हा रस जेवणांच्या मधल्या वेळात पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत साठतो. तिची क्षमता जेमतेम ३० ते ५० मिली. जेवणातली चरबी लहान आतड्यात पोहोचली की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पिशवी आकसून रस बाहेर ढकलते. आत खडे असतील तर त्या आकसण्यात एखादा खडा तोंडाशी अडकतो. कळ येते ती अशी. खडा मागे सरकला की थांबते.

आता ते झोपतानाचं दूध पाहा. फुल क्रीम दुधात सहा टक्के चरबी असते, म्हणजे २०० मिलीत १२ ग्रॅम. मोठा चमचा तूप साधारण साडेतेरा ग्रॅम. आम्लपित्त समजून घेतलेल्या औषधातून एका घोटात पंचवीस ग्रॅम चरबी, तीही आडवं होण्याआधी. आणि जे ताक, लिंबू चाललं असतं तेच बंद. आंबटाचा पित्ताशयाच्या आकसण्याशी फारसा संबंध नाही. ज्यांना खरंच आम्लपित्त आहे त्यांनी आंबट जपून खावं, पण तो विषय वेगळा.

उपवासाने यात भर घातली. बारा-चौदा तास पोटात काही नसलं की पिशवीतला रस साचून घट्ट होत जातो. मग रात्री एकदम साबुदाण्याची खिचडी. एका ताटलीत ३५ ग्रॅम दाण्याचं कूट आणि दोन चमचे तूप धरलं तर चरबी चोवीस-पंचवीस ग्रॅम होते. साबुदाणा स्वतः निर्दोष असतो, त्यात चरबी जवळपास नसतेच.

निदान

तिसऱ्या कळेनंतर फॅमिली डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. पहिली खेप वाया गेली. "उपाशी या" म्हटल्यावर त्या दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं घेऊन गेल्या. पित्ताशय आकसलेलं, आत नीट दिसेना. दुसऱ्या दिवशी, अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी, आठ तास कडकडीत उपाशी राहून तपासणी झाली. अनेक खडे, सर्वांत मोठा ११ मिमी. भिंत जाड नाही, पित्तनलिका फुगलेली नाही, यकृताच्या रक्तचाचण्या ठीक.

सर्जननी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा सल्ला दिला. घरच्यांना दिवाळी पार पडायला हवी होती, वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा फराळाच्या ऑर्डरींचा. सूज किंवा कावीळ नसल्याने सर्जननी थांबायला होकार दिला, पण अट घातली. कळ चार-पाच तासांच्या वर टिकली, ताप किंवा थंडी भरली, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच रात्री इस्पितळ गाठायचं. हा कागद फ्रिजच्या दारावर लागला. निघताना एक वाक्य सांगितलं गेलं, "तेलकट-तुपकट बंद." पुढचे तीन आठवडे या वाक्याने बिघडवले.

जे पर्याय समोर आले

पतींनी पहिल्याच दिवशी पानफुटीची पानं आणि कुळथाचा काढा आणला. हे दोन्ही लोक मूतखड्यासाठी घेतात. मूतखडा मूत्रमार्गात असतो, पित्ताशयातून लघवी जात नाही. कितीही पाणी प्यायलं तरी ते या खड्यांना धुऊन काढत नाही.

दुसरा पर्याय मोबाइलवर फिरत आलेला. सफरचंदाचा रस काही दिवस, मग रात्री अर्धा कप ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस, की सकाळी हिरवे खडे शौचातून पडतात. पडतातही, पण ते पोटात तेल आणि रसातून बनलेले साबणासारखे गोळे असतात. २००५ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये अशा गोळ्यांच्या तपासणीचा अहवाल छापून आला होता, त्यात पित्ताचे खडे सापडले नव्हते. इथे मुद्दा फसवणुकीपुरता नाही. खडे असलेल्या पिशवीला एका वेळी शंभरेक ग्रॅम चरबी देणं म्हणजे तिला पूर्ण जोराने आकसायला सांगणं. सुदैवाने तेलाची बाटली आणली, पण उघडली नाही.

खडे विरघळवणाऱ्या गोळ्यांचाही विचार झाला. उर्सोडीऑक्सीकोलिक आम्ल लहान, कॅल्शियम नसलेल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालतं. त्याला महिनोन्महिने लागतात आणि औषध थांबवल्यावर खडे पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. या आकाराच्या अनेक खड्यांसाठी सर्जननी ते सुचवलं नाही.

राहिला आहार. तो खडे विरघळवत नाही, हे आधी स्पष्ट करायला हवं होतं. शस्त्रक्रियेपर्यंत कळा टाळणं, एवढंच त्याचं काम.

पहिली चूक: शून्य तेल

"बंद" म्हणजे बंद, असा अर्थ घेऊन त्यांनी पितृपक्षभर स्वतःसाठी तेलाचा थेंब वापरला नाही. वरण-भात, उकडलेला दुधी, राजगिऱ्याच्या लाह्या, फळं. जेवण दोन वेळा, तेही डबे गेल्यावर. अठरा दिवसांत वजन ७१ वरून ६६.८ वर आलं. शेजारपाजारी कौतुक झालं.

या वेगात धोका होता. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरलं तर यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि जेवणात चरबी नसल्याने पिशवी नीट रिकामी होत नाही. नवे खडे बनायला दोन्ही गोष्टी पोषक. शिवाय अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषायला थोडी चरबी लागतेच. बद्धकोष्ठ आणि चक्कर वेगळीच.

मग घटस्थापना. नऊ दिवसांचे उपवास. तिसऱ्या रात्री, दिवसभर चहा-फळांवर काढून, "थोडीच" म्हणून एक ताटली खिचडी खाल्ली. अर्ध्या तासात कळ सुरू झाली ती दोन तासांच्या वर टिकली. दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञांकडे पाठवण्यात आलं.

दुसरा निर्णय: बंद नाही, मोजून

नवा नियम दिवसाच्या बेरजेपेक्षा एका बैठकीवर बेतलेला होता. एका वेळी चरबी १२ ग्रॅमच्या आत, दिवसभरात ३० ते ३५, आणि जागेपणी दोन खाण्यांत चार-साडेचार तासांपेक्षा मोठा खंड नाही. पित्ताशयाला दिवसाची सरासरी कळत नाही. सकाळ-दुपार कोरडं खाऊन रात्री पंचवीस ग्रॅम खाणाऱ्याचा हिशोब वहीत बरोबर दिसतो, पोटात चुकतो.

मोजायला घेतल्यावर पहिला धक्का तेलाच्या कावळ्याने, म्हणजे तेल ओतायच्या चोचीच्या भांड्याने दिला. त्यांची नेहमीची "एक धार" मापात २२ मिली भरली. म्हणून खोकल्याच्या औषधाचं पाच मिलीची खूण असलेलं टोपण कावळ्याशेजारी ठेवलं. पाच मिली तेलात साडेचार ग्रॅम चरबी, हे एकच गणित पाठ करायचं. महिन्याचं तेल भागिले माणसं ही सोपी रीत इथे उपयोगी नव्हती, कारण डब्यांचं आणि घरचं तेल एकाच डब्यातून निघायचं.

दिवस असा बसला. सकाळी सातला डबल टोन्ड दुधाचा चहा आणि एका चमच्याच्या फोडणीचे पोहे, दाणे न घालता, वरून लिंबू: साडेसहा ग्रॅम. अकराला पातळ ताक आणि एक फळ: दोनच्या आत. दीडला दोन फुलके, एक चमचा तेलाची भाजी, वरण-भात आणि वरणावर एक छोटा चमचा तूप: अकरा. पाचला चहा आणि मूठभर फुटाणे: तीन. आठला ज्वारीची भाकरी आणि पिठलं किंवा मुगाची उसळ: आठ. बाजरीची भाकरी आवडीची, पण बाजरीच्या पिठात १०० ग्रॅमला पाचेक ग्रॅम चरबी असते, ज्वारी आणि नागलीत दोनच्या आसपास. बाजरी बंद केली नाही, तिच्यासोबत पिठल्याऐवजी पालेभाजी ठेवली.

तूप पूर्ण काढावं का, यावर घरात आणि सल्ल्यातही मतभेद होते. एक चमचा दुपारी ठेवला, त्या दिवशी वरणाला फोडणी नाही. तूप किंवा फोडणी, दोन्हींतलं एक. पिशवी रोज थोडी तरी रिकामी व्हावी हे एक कारण. दुसरं साधं होतं: सासूबाईंचं मन राखलं की बाकीचे नियम घरात टिकतात.

स्वयंपाकात काय बदललं

एका माणसाच्या फोडणीला कढई चालत नाही. पाच मिली तेल तिच्या बुडावर पसरून दिसेनासं होतं, मोहरी कोरडी भाजते, हळद जळते आणि भाजी कडू होते. मग हात आपोआप कावळ्याकडे जातो. लोखंडी पळी घ्यायची, तिरपी धरायची, तेल एका बाजूला साचू द्यायचं. मोहरी तडतडली, हिंग घातला की गॅस बंद आणि मगच हळद-तिखट. कांदा परतताना मीठ आधी घालून झाकण ठेवायचं, लागायला लागला की चमचाभर पाणी. वेळ पाच-सहा मिनिटं जास्त लागतो, हे आधीच धरून चालावं.

काळ्या मसाल्याच्या वाटणात चरबी लपून बसते. सुक्या खोबऱ्याच्या वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग तेलच असतो. चौघांच्या रश्शाला ५० ग्रॅम खोबरं घेतलं तर वरचं तेल न धरताच माणशी आठ ग्रॅम. ते दहा ग्रॅमवर आणलं, कांदा तेलात न परतता थेट आचेवर भाजला, आणि दाटपणासाठी डाळं भाजून त्याची पूड घातली. डाळ्याची पूड रसात टाकल्यावर लगेच गुठळ्या होतात, म्हणून आधी थंड पाण्यात कालवायची. चवीत फरक पडतो. पडत नाही म्हणणाऱ्यांनी बहुधा दोन्ही शेजारी ठेवून खाल्लेलं नसतं. तीळ, खसखस आणि दाण्याचं कूट यांचीही गत खोबऱ्यासारखीच. कोशिंबिरीत कुटाऐवजी डाळ्याची पूड चालली, वांग्याच्या भाजीत नाही चालली.

घराला वेगळा स्वयंपाक नको होता, म्हणून क्रम उलटा केला. भाजी कमी तेलात शिजवायची, त्यांची वाटी आधी काढून ठेवायची, मग उरलेल्या भाजीवर बाकीच्यांसाठी वरून फोडणी. रश्शावरचा तवंग पळीने काढणं हा त्याला पर्याय नाही, बरंच तेल वाटणात मुरलेलं असतं.

सर्वांत उशिरा लक्षात आलेली गोष्ट चवीची. चौदा डब्यांसाठी दोन रस्से आणि एक सुकी भाजी, प्रत्येकाची दोन-तीनदा चव. पळीच्या टोकावर येतो तो वरचा तवंगच. सकाळी साडेनऊपर्यंत दोनेक चमचे तेल असंच पोटात जात होतं आणि वहीत कुठेच येत नव्हतं. मग तवंग बाजूला सारून खालचा रस, अर्धा चमचा, एकदाच. मिठाचं प्रमाण चमच्याने ठरवून लिहून ठेवल्यावर चवीची गरजही कमी झाली.

उपवासांचा तोडगा असा निघाला: सोडायचे नाहीत, पण उपाशी राहायचं नाही. दर चार तासांनी काहीतरी. भगर, ताकातली काकडी, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याच्या लाह्या दुधात. दाण्याच्या आमटीऐवजी जिरे-मिरचीचं ताक. खिचडी खायचीच तर अर्धी वाटी, कूट एक चमचा आणि तीही दुपारी.

दिवाळी

फराळ करणाऱ्याला फराळ खाऊ नका म्हणणं निरर्थक. बेसनाचा ४० ग्रॅमचा एक लाडू म्हणजे साधारण दहा ग्रॅम चरबी. लक्ष्मीपूजनाला दुपारच्या तुपाऐवजी अर्धा लाडू, असा अदलाबदलीचा हिशोब ठरला. चिवडा त्यांच्यापुरता वेगळा केला. २०० ग्रॅम पातळ पोहे उन्हात वाळवून मंद आचेवर कुरकुरीत केले, ३० ग्रॅम डाळं, कोरडा भाजलेला कढीपत्ता आणि दोन चमचे तेलाची फोडणी. दाणे-खोबरं नाही. ३० ग्रॅमच्या वाटीत चरबी दोन ग्रॅमच्या आत. फोडणी गरम असताना मीठ-साखर घातली तर पोहे मऊ पडतात, पहिला घाणा त्यामुळेच फुकट गेला.

पाच आठवड्यांत एकदाच दुखलं, तेही तळलेलं खाऊन नाही. चकल्या-शेवेच्या दिवशी सकाळी नऊ ते चार तळण चाललं. तेलाच्या वासाने भूक मेली, दुपारचं जेवण राहिलं. सायंकाळी पाचला पोळी-भाजी एकदम खाल्ली आणि चाळीस मिनिटं मंद दुखत राहिलं. पुढच्या तळणाच्या दिवशी बाराला मोबाइलचा गजर लावला.

निष्पत्ती

भाऊबीजेनंतर सहा दिवसांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. त्याआधीच्या सोनोग्राफीत खडे होते तेवढेच होते, सर्वांत मोठा ११ मिमीच. वजन ६५.६, म्हणजे नव्या आहारात पाच आठवड्यांत सव्वा किलो. रात्रीबेरात्री धावपळ एकदाही झाली नाही.

पित्ताशय गेल्यावर पित्त साठत नाही, यकृतातून थेट आतड्यात झिरपत राहतं. बहुतेकांना काही आठवड्यांत नेहमीचं जेवण पचतं. यांना तिसऱ्या आठवड्यात शेवभाजी खाल्ल्यावर तीन दिवस पातळ शौच झालं. केळं, ओट्स आणि इसबगोल यांनी ते आटोक्यात आलं. दहाव्या आठवड्यात त्यांनी मिसळ खाल्ली, तर्री बाजूच्या वाटीत आणि फरसाण एक चमचा. काही झालं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सोनोग्राफी दुसऱ्या कळेनंतरच व्हायला हवी होती. जड जेवणानंतर येणारी, अर्धा तास ते काही तास टिकणारी, पाठीकडे जाणारी आणि आम्लपित्ताच्या गोळीने न हलणारी कळ दोनदा आली, तर तिसरीची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

"तेलकट बंद" ऐवजी त्याच भेटीत एक आकडा आणि एक चमचा दिला असता तर अठरा दिवसांत चार किलो गेले नसते. आणि पुढे उपवास आहेत का, हे नवरात्राच्या तोंडावर नाशिकमध्ये कोणीच विचारलं नाही. तो प्रश्न औषधांच्या प्रश्नांइतकाच आधी यायला हवा होता.

शस्त्रक्रिया लांबवणं बरोबर होतं का, यावर एकमत नाही. वाट पाहताना लहान खडा नलिकेत उतरून कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज होऊ शकते, आणि ते आहाराने थांबवता येत नाही. इथे तसं झालं नाही. मधुमेह, गरोदरपण, आधी आलेला ताप किंवा कावीळ यांपैकी काही असतं तर सर्जनचा निर्णय वेगळा असू शकला असता.

सासूबाईंचा तुपाचा चमचा अजून दुपारच्या वरणावर आहे. रात्रीचं दूध बंद झालं, कारण त्यांनाही दूध-तुपानंतर रात्री जड वाटायचं, हे या सगळ्यानंतर त्यांनी सांगितलं. त्यांची सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात आहे. यावेळी चहा न घेता.